नानांचं झाड इथं लावू नका

मंडळी, मागं जे उन्हात उभे आहेत त्यांनी आधी आत सरकावं. चिंचेखाली जागा आहे. आयाबायांना पुढं येऊ द्या. कोणी झाडाच्या आळ्यात पाय देऊन उभं असेल तर बाजूला व्हा. आजच्या दिवशी तरी नानांचं नाव घेऊन कोणाला ओरडायची पाळी माझ्यावर आणू नका.

मला भाषण येत नाही. पिठाच्या गिरणीवर सगळा जन्म गेला. गिरणी चालू असताना माणूस ओरडतो, आणि बंद झाली की गप्प बसतो. मधलं बोलणं मला जमत नाही. तरी सगळ्यांनी मलाच उभं केलं. का केलं, ते मला कळतंय. तुम्हालाही कळतंय. त्याच्यावर मी येतो. पण जरा सावकाश येऊ द्या.

आपले गोविंदनाना भालेकर गेले. काल त्यांचा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. काही जण म्हणाले, नानांची कसलीच इच्छा राहिली नव्हती. इच्छा होती, मंडळी. ती मला ठाऊक आहे, आणि तीच सांगायला मी उभा आहे.

बाहेरगावची पाहुणे मंडळी आलीत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही बाग म्हणजे आधी परतूर स्टेशनाच्या मागची पडीक जागा. बाभळी, काटे आणि फुटक्या विटा. नाना रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या कमलकाकू गेल्या. वैशाखातच. नानांनी तेराव्याच्या आत इथं त्यांच्या नावाचा एक कडुनिंब लावला. वैशाखात कोणी झाड लावतं का? लोक हसले. नानांनी घरून दोन घागरी पाणी रोज आणलं आणि निंब जगवला. तो बघा, विहिरीजवळचा. आता त्याच्या सावलीत अख्खी पंगत बसते.

निंब जगला, आणि तिथून सगळं सुरू झालं. लोक हसायचे थांबले आणि यायला लागले. "नाना, आमच्या म्हातारीचंबी एक लावू द्या." "नाना, भाऊ गेला, त्याला जांभळं लई आवडायची." मग आपल्यात रीतच पडली. घरात माणूस गेलं की तेराव्याच्या आत इथं त्याच्या नावाचं झाड. नगरपालिकेनं जागेला कुंपण घालून दिलं, विहीर खणून दिली. आपण पाण्याच्या पाळ्या लावल्या. ज्याला जसं जमेल तसं. पगार कोणालाच नाही. गावात सगळीकडं धूळ उडते, पण इथं म्हातारी माणसं संध्याकाळी येऊन बसतात, पोरं झोके घेतात. बाहेरगावचा माणूस म्हणतो, वा, काय बाग केली!

पण एक विचार करा. आपल्याकडं म्हातारी माणसं जातात कधी? उन्हाळ्यात. ऊन लागतं, पाणी कमी पडतं, जीव घाबरा होतो. मग झाडं लागतात कधी? तीही उन्हाळ्यात. सगळं जग मृगाची वाट बघून झाड लावतं. आपण परतूरवाले चैत्र-वैशाखात लावतो, विहीर तळाला गेलेली असताना. नाना हात जोडायचे. "बाबांनो, माणूस गेलं ते गेलं, झाड थांबतं. पाऊस पडल्यावर लावू." पण ऐकणार कोण? "न्हाई नाना, तेराव्याच्या आतच लागलं पाह्यजे. आत्मा कुठं टेकंल?"

एका वर्षी नानांनी फाटकाजवळ फळा लावला. उन्हाळ्यात कृपया झाडे लावू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फळ्याच्या बरोबर खाली कोणीतरी सीताफळ लावून गेलं होतं. हळद-कुंकू, उदबत्ती, सगळं बराबर. नाना कितीतरी वेळ त्या रोपाकडं बघत उभे राहिले. मी म्हणालो, "नाना, उपटून टाकू का?"

"कोणाचं हाये, माहितेय का?"

"न्हाई."

"मंग कसं उपटतो? कोणाची तरी माय असंल ती." आणि पाण्याची बादली उचलली.

तो फळा पुढं आपण पाण्याचे रांजण ठेवायच्या मचाणाला वापरला.

नाना काही साधू नव्हते बरं का. तोंड तिखट होतं. इथं बसलेल्या एका गृहस्थाला त्यांनी एकदा सकाळी निंबाची काडी मोडताना धरलं. गृहस्थ म्हणाले, "नाना, परक्याचं न्हाई, माझ्याच सासूचं झाड हाये." नाना म्हणाले, "सासू जित्ती होती तवा तिला दात दाखवले. आता तिच्याच काडीनं ते घासतो व्हय रे?" हसा, हसा. नानांना चाललं असतं. ते गृहस्थसुद्धा हसताहेत.

आणि आपली अखिती! अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याची घागर द्यायची ही आपली जुनी रीत. इथं त्या दिवशी जत्रा भरते. प्रत्येक घरचा माणूस भरली घागर घेऊन येतो आणि आपल्या माणसाच्या झाडाला ओततो. भर दुपारी, वरून नैवेद्य, आळ्यात दही-भात, पुरणपोळी. मुंग्या लागायच्या. आळी फुटायची. नाना फावडं घेऊन मागून फिरत असायचे. एकदा फार चिडले. म्हणाले, "एका दिवसात बुडवता आणि वर्षभर वाळवता. तुमच्या पितरांना काय अखितीलाच तहान लागती का?" मग सलीमभाई हळूच म्हणाले, "नाना, हमारे लोग तो शबेबरात को आते. तुम्हारे अखिती को. बाकी दिन तुम हैच." आपल्या सलीमभाईंचं सायकलचं दुकान आहे, आणि त्यांच्या वालिदांचं डाळिंब तिकडं कोपऱ्यात आहे. ते खरं तेच बोलले. बाकी दिवस नाना होतेच.

मंडळी, हे वाक्य आपण सगळे किती वर्षं कौतुकानं म्हणत आलो. नाना आहेतच. आज मला ते ऐकवत नाही.

नानांना एकच मुलगी. मंदाताई. या इथं पुढं बसल्या आहेत. नाशिकरोडला असतात. बैठं घर आहे, पुढं अंगण आहे. नानांचे गुडघे गेले तेव्हापासून मंदाताई आणि जावईबापू एकच गोष्ट मागत होते. बाबा, आता कायमचे आमच्याकडं या. नानांनाही जायचं होतं. हे मी शपथेवर सांगतो. मंदाताई एसटीडीवरून माझ्या गिरणीत फोन करायच्या, मी नानांना बोलवायला माणूस पाठवायचो. नाना यायचे, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायचे आणि म्हणायचे, "येतो बाई. एवढा उन्हाळा जाऊ दे. लहान झाडं हायेत."

रोपाला दोन-तीन उन्हाळे जपावं लागतं. मग ते आपल्या पायावर उभं राहतं. नाना हिशेब तसाच करायचे. यंदाची तेवढी निघाली की मी मोकळा. पण यंदाची निघेपर्यंत नवी लागलेली असायची. माणसं मरायची थांबतात का? जुनी झाडं सुटायची आणि नवी धरायची. नानांकडं रेल्वेचा पास होता. फुकटचा पास, खिशात असायचा. सकाळची गाडी या कुंपणाच्या पलीकडून जायची. नाना बादली खाली ठेवायचे, गाडी जाऊ द्यायचे आणि परत बादली उचलायचे. सलीमभाई म्हणायचे, "नाना, जेल में भी छुट्टी मिलती. तुम्हारी तो उमरकैद है." नाना म्हणायचे, "उमरकैदेत भाकर तरी आयती मिळती सलीम. हितं तीबी मीच थापतो."

आपण हसायचो. तेही हसायचे.

एकदा ते गेले होते. तेव्हाही उन्हाळाच होता. मंदाताईच येऊन घेऊन गेल्या. वळकटी बांधली, तुळशीची कुंडी शेजारणीकडं दिली, पाळ्या नेमून दिल्या. आम्ही सगळे स्टेशनावर गेलो. नानांच्या तोंडावर असं हसू होतं, जसं सुट्टी लागलेल्या पोराच्या तोंडावर असतं. चार दिवस गेले असतील नसतील. लगीनसराईचे दिवस. जो तो लग्नाला. मीसुद्धा मेव्हण्याच्या लग्नाला मंठ्याला गेल्तो. ज्याची पाळी होती त्याच्याही घरात लग्न निघालं. त्याचं नाव मी घेणार नाही. नानांनीही कधी घेतलं नाही.

नाशिकरोडला नानांना करमेना. मोरीतून वाहून जाणारं पाणी बघून ते उठून बसायचे, असं मंदाताई सांगतात. पाचव्या-सहाव्या दिवशी ते परत आले. सरळ स्टेशनावरून इथं. बघतात तर गयाबाई इथं बसलेल्या. आपल्या गयाबाई आता नाहीत, पण जुन्या लोकांना आठवत असतील. त्यांच्या मालकाच्या नावाचं उंबराचं रोप होतं. वाळून काडी झालेलं. त्या बिचाऱ्या भांडल्या नाहीत. रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नाना, म्हातारा पुन्यांदा गेला हो."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मंडळी. भांडणाला उत्तर देता येतं. नानांनी तिथंच वळकटी सोडली. त्यानंतर उन्हाळ्यात त्यांनी परतूर सोडलं नाही. दिवाळीला दोन दिवस जायचे आणि भाऊबीजेच्या ओवाळणीचं ताट निघायच्या आत परतायचे.

मी देवाचं करणारा साधा माणूस आहे. मारुतीला सांजवात लावतो, शिकलेलं फार नाही. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर आपण पाण्याची गळती टांगतो. थेंब थेंब पाणी देवाच्या डोक्यावर पडतं. मी पुष्कळदा गाभाऱ्यात बसून त्या थेंबाकडं बघत विचार केला. देव गार होतो. पण त्या टांगलेल्या भांड्याचं काय? ते हलू शकत नाही. रितं झालं तरी तिथंच. आपण भक्ती देवाची करतो, भांड्याकडं कोण बघतं? आपण नानांना असंच टांगून ठेवलं होतं. मी कोणाला दोष देत नाही. कोणी वाईट माणूस नव्हतं यात. प्रत्येकाचं एकच झाड होतं. प्रत्येकाला वाटायचं, एकानं काय फरक पडतो?

आता जे सांगायचं ते सांगतो.

नाना जाण्याच्या आठवड्यात मी सकाळी ताक घेऊन गेल्तो. बाजेवर पडून होते. ताक अर्धं प्याले. म्हणाले, "ग्यानबा, बस." मी बसलो.

म्हणाले, "माझं झाड लावू नका."

मी म्हणालो, "नाना, असं कसं व्हईल? तुमचं न्हाई तर कोणाचं?"

"हे बघ. मी वैशाखात चाललो. तुम्ही तेराव्याच्या आत लावताल. वळखितो ना मी परतूरला. मंग ते जगवावं लागंल. नानाचं झाड हाये म्हणल्यावर त्याला वाळू देता येणार न्हाई. कोणी तरी अडकंल. आन् तो तूच असशील."

मी म्हणालो, "अडकीन की. त्यात काय?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "असंच म्हणलो होतो मीबी."

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, "तुला न्हाई म्हणता येत न्हाई, ग्यानबा. मलाबी येत न्हवतं. पण एवढं एक म्हण. माझ्या नावानं हितं कोणाला बांधू नका."

मी मान डोलावली. शब्द दिला.

आणि आज सकाळी येऊन बघतो तर फाटकाजवळ खड्डा तयार. शेणखत घातलेलं. जालन्याहून बकुळीचं चांगलं हातभर रोप आणलेलं. ज्यांनी केलं त्यांनी प्रेमानं केलं. रात्रीच खणला म्हणे. मी खड्ड्यापाशी उभा होतो तर जो येईल तो माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. "ग्यानबा, आता तुम्हीच." "आता सगळं तुमच्यावर." "तुम्ही हायेत म्हणून काळजी न्हाई." मंडळी, प्रत्येक हात मायेचा होता, पण माझा खांदा दबत होता. मला वाटलं हा खड्डा रोपाच्या मानानं फार मोठा आहे. यात माणूस मावेल.

त्यात काल संध्याकाळी मंदाताई मला म्हणाल्या, "काका, बाबांचं झाड लावाच. बाबा माझ्याकडं राहिले न्हाईत. इतकी वर्षं मी वाट बघितली. मला निदान एक जागा पाह्यजे. कुठं तरी जाऊन टेकायला." आता सांगा, या लेकीला मी काय सांगू? नाही म्हणू? बापानं आयुष्यभर लेकीला "पुढच्या वर्षी" सांगितलं, आणि मी आता "नाही" सांगू? रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. इकडं मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, तिकडं जित्या लेकीचे डोळे. देवाला विचारलं. देव बोलत नाही, तो माणसाला जागा ठेवतो. तेवढंच करतो.

तर मंडळी, मी दोन गोष्टी सांगणार आहे. राग आला तर माझ्यावर काढा.

पहिली. मी नाना होणार नाही. माझ्या बापाचं झाड इथं आहे, त्याला मी पाणी घालतो आणि माझी पाळी आली की सगळ्यांना घालीन. बाकीचे दिवस तुमचे. ज्याचं माणूस त्याचं झाड. हे मी मोठ्यानं बोलतोय, कारण हळू बोललो तर मला स्वतःलाच ऐकू येणार नाही. मी स्वतःला ओळखतो. उद्या दुपारी समोरच्या गिरणीच्या दारातून एखादं रोप मान टाकलेलं दिसलं, तर पट्टा उतरवून मी बादली घेऊन धावत येईन. मला राहवणार नाही. म्हणून तुम्हाला हात जोडतो. ती वेळ माझ्यावर आणू नका. मी पळून जाणारा माणूस नाही, म्हणूनच मला भीती वाटते.

दुसरी गोष्ट मंदाताईंना.

ताई, तुमच्या बाबांनी सांगितलं, इथं लावू नका. मी काल रात्रभर फक्त "लावू नका" एवढंच धरून बसलो होतो. पहाटे तुमच्या अंगणाची आठवण झाली. तिथं नळ दारात आहे. तिथं पाळी लावावी लागणार नाही, पितरांची जत्रा भरणार नाही, एकाच लेकीचं एकच झाड. सकाळी चूळ भरतानासुद्धा त्याला पाणी जाईल. आणि कधी तुम्ही गावाला गेलात आणि ते वाळलं, तर ताई, वाळू द्या. त्याच्यासाठी तुम्ही घरात अडकलात तर नानांना ते खपणार नाही. दुसरं लावा, नाहीतर लावू नका.

हे रोप तुम्ही घेऊन जा.

नानांना यायचंच होतं तुमच्याकडं. दर उन्हाळ्यात यायचं होतं.

रडू द्या त्यांना. कोणी उठू नका. वहिनी, तेवढं पाणी द्या त्यांना.

काय म्हणालात ताई? ... हो. हो, पिशवीची माती ओली करून देतो. सलीमभाई गोणपाट गुंडाळून देतील. गाडीत खिडकीशी ठेवा, दाराशी नको, दाराशी लोक पाय देतात.

तुम्ही मान डोलावली. बस. मला आणखी काही नको.

ज्यांनी खड्डा खणला त्यांनी मन छोटं करू नका. तो आपण सगळे मिळून बुजवू. प्रत्येकानं एक-एक मूठ माती टाका. नानांच्या नावानं एवढीच माती.

आता उभे राहू. टोप्या काढा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. कोणी काही म्हणायचं नाही, मंत्र नको, जयजयकार नको. दोन मिनिटं आपण सगळे गप्प राहू आणि त्यांना उठू देऊ. इतकी वर्षं आपल्यापैकी कोणी ना कोणी त्यांना हाक मारून थांबवलं आहे. आज कोणी हाक मारू नका.

नाना, झाडांचं बघतो आम्ही. तुम्ही मागं वळू नका.

या आता, नाना. सावकाश जा. रामराम.